राज्यकर्त्यांची भाषा आणि दुष्काळाचे नाव



राजकीय पुढाऱ्यांची भाषणे पोकळ असतात ही तक्रार फार जुनी आहे, आणि बहुधा ती हसत हसत केली जाते. सभा संपते, हार सुकतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि घराकडे परतणारा श्रोता शेजाऱ्याला विचारतो, "बोलले तर छान, पण सांगितले काय?" हा प्रश्न विनोदावारी नेण्यासारखा नाही. जे सांगितले गेले नाही ते का सांगितले गेले नाही, ते सांगितले असते तर वक्त्याच्या शिरावर कोणता भार येऊन पडला असता, आणि तो भार टाळण्याच्या कामी उदात्त शब्द कसे उपयोगी पडले, याचा शोध घेऊ लागले म्हणजे पोकळ वाटणारी ही भाषा पुष्कळदा फार काटेकोरपणे घडविलेली असते, असे दिसून येते. येथे हा शोध एकाच शब्दाच्या आधारे घ्यावयाचा आहे. तो शब्द 'दुष्काळ' हा होय. भारतात गेल्या दीडशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, राज्यपद्धती बदलली, कारभाराची भाषाही बदलली. परंतु हा शब्द उच्चारताना शासनाची जीभ जितकी अडखळली, तितकी दुसऱ्या एखाद्या शब्दापाशी क्वचितच अडखळली असेल.

लोकांची जीभ मात्र अडखळली नाही. 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ. 'दुर्भिक्ष' म्हणजे ज्या काळी भिक्षासुद्धा मिळणे कठीण होते तो काळ. दख्खनमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बारा वर्षे टिकल्याचे सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ. राजस्थानात विक्रम संवत १९५६ मधील, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा 'छपनिया'; ओरिसात पुरीच्या राजाच्या राजवर्षावरून ओळखला जाणारा 'नअंक'; बंगालमध्ये बंगाली सन ११७६ आणि १३५० यांवरून ओळखली जाणारी दोन 'मन्वंतरे'. लोकांनी संकटाला नाव दिले, साल दिले, आणि ते पुढच्या पिढीच्या हवाली केले. यांपैकी 'मन्वंतर' हा शब्द कमी भारदस्त नाही. एका मनूचा काळ संपून दुसऱ्याचा सुरू होणे, असा त्याचा पौराणिक अर्थ. तथापि तो ऐकून काय घडले याविषयी कोणाही बंगाली माणसाच्या मनात संदेह राहत नाही. शब्द भारदस्त असणे निराळे आणि शब्दाआड काही दडविणे निराळे. हा भेद पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवणे इष्ट होईल.

'नअंक' दुष्काळापासूनच प्रारंभ करणे सोयीचे आहे. १८६५ साली ओरिसात पाऊस वेळेआधी थांबला आणि भाताचे मुख्य पीक बुडाले. ओरिसा त्या वेळी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अधिकाराखाली होता. पुढच्या वर्षी, म्हणजे १८६६ च्या फेब्रुवारीत, लेफ्टनंट गव्हर्नर सेसिल बीडन कटकला आले. तेथे दरबार भरला, जमीनदार व प्रतिष्ठित मंडळी जमली, आणि बीडनसाहेबांनी भाषण केले. अशा प्रकारची दैवी संकटे टाळणे किंवा सौम्य करणे हे कोणत्याही शासनाच्या फारसे हातचे नाही, असा त्या भाषणाचा एक भाग होता. दुसरा भाग धान्याच्या भावाविषयी होता. सरकारने भाव बांधून द्यावेत अशी लोकांची अपेक्षा होती. तसे करू लागलो तर स्वतःला एखाद्या दरोडेखोराहून किंवा चोराहून चांगला समजता येणार नाही, असे लेफ्टनंट गव्हर्नरांनी सांगितले.

हे भाषण बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यात एकही असत्य विधान नाही. पाऊस सरकार पाडत नाही, हे खरेच. दुसऱ्याच्या मालाचा भाव जुलमाने ठरविणे हा अन्याय होय, असे त्या काळचे अर्थशास्त्र मानीत होते, आणि बीडन ते मनापासून मानीत असावेत. ते ढोंगी होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु त्या दरबारात ज्या प्रश्नांची उत्तरे हवी होती ते प्रश्न अगदी साधे होते. तांदूळ किती शिल्लक आहे? बाहेरून किती आणता येईल? तो कोणत्या बंदरात उतरेल, आणि पावसाळा लागून समुद्र खवळण्यापूर्वी उतरेल काय? या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर भाषणात नव्हते. एका बाजूस ईश्वर आणि दुसऱ्या बाजूस अर्थशास्त्राचे नियम असे दोन उत्तुंग पर्वत उभे केल्यावर मधल्या दरीतला तांदळाचा हिशेब कोणाच्या दृष्टीस पडणार? वस्तुतः त्याच महिन्याच्या आरंभी पुरीच्या अधिकाऱ्यांना वरिष्ठांकडून तारेने कळविण्यात आले होते की, सरकार तांदूळ आयात करणार नाही. बाजाराला परवडले तर तांदूळ आपोआप पुरीला पोहोचेल, आणि सरकारने हात घातल्यास अपायच होईल. दरबारातील भाषण म्हणजे याच तारेचा सणासुदीचा पोशाख होता.

तांदूळ आपोआप पोहोचला नाही. सरकारला जाग आली तेव्हा पावसाळा तोंडावर येऊन ठेपला होता, आणि थोड्याच दिवसांत ओरिसाची बंदरे बंद झाली. सुमारे १० लाख माणसे मेली असावीत असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

या प्रकरणात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती सांगण्यासारखी आहे. १८६६ च्या जुलैमध्ये लॉर्ड क्रॅनबोर्न हे भारतमंत्री झाले. पुढे लॉर्ड सॅलिस्बरी या नावाने ते इंग्लंडचे पंतप्रधानही झाले. अधिकारावर येताच ओरिसाची बातमी त्यांच्या कानी आली होती. पुष्कळ वर्षांनंतर त्यांनी कबूल केले की, त्यानंतर दोन महिने त्यांनी काहीही केले नाही. तोवर बंदरे बंद झाली होती आणि मदत अशक्य होऊन बसली होती. या घटनेच्या दोषातून आपण सर्वस्वी मुक्त आहोत असे त्यांना कधीही वाटले नाही. दोन महिने काही केले नाही, एवढेच ते साधे वाक्य. त्यात ईश्वर नाही, अर्थशास्त्र नाही, कालावधी आहे आणि कर्ता आहे. अर्थात हे वाक्य फार उशिरा आले, आणि त्याने कोणाचेही पोट भरले नाही, हेही तितकेच खरे.

दहा वर्षांनी दक्षिण भारतात याहून मोठा दुष्काळ पडला. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खन-कर्नाटक भाग होरपळत असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दरबार भरवून राणी व्हिक्टोरिया हिला 'कैसर-ए-हिंद' हा किताब धारण केल्याचे घोषित केले. लिटन स्वतः कवी होते. ओवेन मेरेडिथ या टोपणनावाने त्यांच्या कविता प्रसिद्ध होत असत. त्या दरबाराच्या झगमगाटात पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', अंगावर खादीचा पोशाख चढवून गेले होते, ही हकीकत महाराष्ट्रात सुपरिचित आहे. त्याहून कमी परिचित पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, याच सभेने दुष्काळी भागांतून माहिती जमवून तिचे वृत्तांत मुंबई सरकारला धाडण्याचा सपाटा लावला होता. अमुक ठिकाणी धान्याचा भाव काय, कामावर किती माणसे आली, मजुरी किती मिळते, गुरांचे काय झाले, असा त्यांचा मजकूर. अशा मजकुराला वक्तृत्वाने उत्तर देणे कठीण जाते.

या दुष्काळात एकट्या ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली असा हिशेब मांडला गेला, आणि त्यानंतर नेमलेल्या रिचर्ड स्ट्रॅची यांच्या आयोगाच्या शिफारशींतून 'फॅमिन कोड', म्हणजे दुष्काळसंहिता, तयार झाली. १८८० नंतरच्या काही वर्षांत प्रांतोप्रांती तिची रूपे सिद्ध झाली. या संहितेची भाषा रुक्ष आहे आणि कोणी ती आनंदासाठी वाचील असे नाही. परंतु भारतीय राज्यकारभाराच्या इतिहासात तिने एक विलक्षण गोष्ट केली. तिने एका शब्दाला किंमत चिकटविली. लक्षणे कोणती ती तिने सांगितली: भाव चढणे, सावकारांनी उधारी आखडणे, माणसे गाव सोडून भटकू लागणे. मग चाचणीची कामे काढावीत; कष्टाच्या आणि थोड्या मजुरीच्या त्या कामांवर लोकांची रीघ लागली तर ओळखावे की, दुष्काळ आहे. एकदा तो जाहीर झाला की पुढचे सर्व ओघानेच येते. मोठी कामे काढणे, ज्यांच्याने काम होत नाही त्यांना घरी धान्य पोहोचविणे, सारा तहकूब करणे किंवा सोडणे, तगाई देणे. टंचाई ही एक पायरी, दुष्काळ ही तिच्या वरची पायरी; आणि वरच्या पायरीवर पाऊल ठेवले की तिजोरी उघडावी लागते.

येथपासून कथेला वळण लागते. संहितेपूर्वी 'दुष्काळ' हा शब्द उच्चारणे म्हणजे शोक व्यक्त करणे होते. संहितेनंतर तो हुंडीवर सही करण्यासारखा झाला. साहजिकच सही करणारे सावध झाले.

ही किंमत लोकांना कळली तर काय होते, याचे प्रत्यंतर १८९६-९७ च्या दुष्काळात आले. संहिता इंग्रजीत होती आणि सरकारी कपाटात होती. लोकमान्य टिळक आणि सार्वजनिक सभा यांनी तिच्यातील तरतुदी मराठीत आणून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविल्या. पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी घरदार विकू नका, कायद्याने मिळते ते मागून घ्या, असे 'केसरी' सांगू लागला आणि सभेचे लोक गावोगाव जाऊन समजावू लागले. त्यांनी नवे काहीही सांगितले नव्हते. सरकारचाच कायदा सरकारच्याच रयतेला तिच्या भाषेत वाचून दाखविला होता. तरीही त्याची परिणती अशी झाली की, १८९७ मध्ये मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. कडक टीकेने जेवढे सरकार चिडले नसते तेवढे ते या साध्या भाषांतराने चिडले. भाषांतराच्या कामाला क्वचितच इतका मोठा गौरव लाभला असेल!

आता १९४३ च्या बंगालकडे वळावयाचे आहे, कारण शब्द न उच्चारण्याचे शास्त्र तेथे पूर्णावस्थेला पोहोचले. महायुद्ध चालू होते, ब्रह्मदेश पडला होता, तेथून येणारा तांदूळ थांबला होता. आदल्या वर्षाच्या ऑक्टोबरात चक्रीवादळाने मेदिनीपूर भागाची धूळधाण केली होती. किनाऱ्यालगतच्या होड्या शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारनेच काढून घेतल्या होत्या. युद्धकाळात उदात्त शब्दांची कधीच वाण पडत नाही. स्वातंत्र्य, संस्कृती, अंतिम विजय यांविषयी रोज बोलले जात होते. धान्याविषयी मात्र असे सांगितले जात होते की, एकंदरीत ते पुरेसे आहे. तुटवडा खरा नसून साठेबाजांनी निर्माण केलेला आहे. जनतेने धीर धरावा. साठेबाजी होतच नव्हती असे नव्हे. परंतु साठेबाजांविरुद्ध मोहीम काढली म्हणजे जे धान्य मुळात नव्हते ते प्रकट होणार नव्हते.

बंगालपाशी दुष्काळसंहिता होती. तिची सुधारलेली आवृत्ती १९४१ सालची, म्हणजे अगदी ताजी होती. ती लागू केली गेली नाही. दुष्काळ जाहीर झालाच नाही. कारण काय? खुद्द गव्हर्नर सर जॉन हर्बर्ट यांनी व्हाइसरॉयांना ते खाजगी पत्रव्यवहारात कळविले होते. संहितेत ठरवून दिलेला शिधा द्यावयास धान्यच नाही, म्हणून संहिता लागू केलेली नाही, असा त्याचा आशय. हे कारण क्षणभर थांबून पुन्हा वाचण्यासारखे आहे. दुष्काळ इतका मोठा होता की तो जाहीर करणे परवडत नव्हते! बंद लिफाफ्यातील हे एक वाक्य त्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत छापून आले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. परंतु जाहीर भाषेत त्याचा मागमूस नव्हता.

मग रस्त्यावर मरणाऱ्यांना म्हणावयाचे काय? कारभाराला नाव तर हवे. सरकारी लिखाणात त्यांना 'आजारी निराश्रित' अशा अर्थाची संज्ञा मिळाली. आजारी माणूस रोगाने मरतो आणि निराश्रिताला आश्रयाची उणीव असते. दोन्ही शब्दांत भुकेचा उल्लेख नाही. १९४३ च्या ऑगस्टमध्ये 'स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी कलकत्त्याच्या फुटपाथांवरील भुकेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा या शब्दांचा पडदा फाटला; छायाचित्राखाली कोणतीही संज्ञा लिहिली तरी पाहणाऱ्यास ती चिकटेना. पुढे चौकशी आयोगाने मृतांची संख्या १५ लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांनी ती ३० लाखांपर्यंत नेली आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो त्या काळात बंगालला एकदाही गेले नाहीत. त्यांच्या जागी आलेले लॉर्ड वेव्हेल हे सैनिक. मितभाषी म्हणून त्यांची ख्याती अशी की, शेजारी बसणाऱ्या पाहुण्यांना अवघडल्यासारखे होई. ऑक्टोबरात अधिकारसूत्रे हाती घेतल्यावर आठवड्याच्या आत ते कलकत्त्यास गेले, हिंडले, आणि धान्याच्या वाटपासाठी सैन्य लावले. गंमत अशी की, या अबोल माणसाला असंख्य कविता मुखोद्गत होत्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आवडत्या इंग्रजी कवितांचे एक संकलन प्रसिद्ध केले. तेव्हा दोष काव्याकडे जात नाही. लिटन कवी होते आणि वेव्हेल काव्यरसिक. एकाने काव्य दरबारात वापरले, दुसऱ्याने ते संध्याकाळपुरते ठेवले.

परकीय राज्यकर्त्यांविषयी हे सर्व ऐकताना फारसे जड जात नाही. स्वकीयांची पाळी आली म्हणजे ऐकणे कठीण होते, म्हणून तेथे अधिक वेळ थांबणे न्यायाचे ठरेल.

महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीन वर्षे झाली असता, १९६३ साली, विधिमंडळाने एक कायदा केला. त्याचा विषय असा की, राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ, हा शब्द काढून टाकावा. त्याच्या जागी आला तो टंचाईचा शब्द. कायद्याच्या प्रस्तावनेतील युक्तिवाद असा: राज्य शासन शेतीच्या परिस्थितीवर सतत नजर ठेवून असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदतीचे उपाय योजले जातात, आणि म्हणून दुष्काळी परिस्थिती उद्भवण्यास आता वावच उरलेला नाही. यामागे निव्वळ लबाडी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या राज्याचा उत्साह त्यात होता. परकीय अमदानीतील लाखोंचे मृत्यू पुन्हा घडू द्यावयाचे नाहीत, ही प्रतिज्ञाही त्यात असेल. परंतु प्रतिज्ञेने संकट टळते आणि कायद्याने शब्द टळतो, या दोहोंची येथे गल्लत झाली. वैद्यकाच्या ग्रंथातून पटकीचे नाव खोडल्याने पटकी हटल्याचे कोणी ऐकलेले नाही.

नऊ वर्षांनी, १९७२ मध्ये, दुष्काळ आला. त्याला महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आजही 'बहात्तरचा दुष्काळ' असेच म्हणतात. बहात्तरची टंचाई असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. खडी फोडणारे हात, सुकडीची वाटी आणि परदेशातून आलेला लाल 'मिलो' ही त्याची स्मरणचिन्हे आहेत. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, त्या वेळी शासनाने केलेले काम लहान नव्हते. १९७३ च्या उन्हाळ्यात सरकारी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती, आणि बंगालसारखा मृत्यूचा थैमान येथे झाला नाही. या अनुभवातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा निर्माण झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणाऱ्यास १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असे त्यात लिहिले आहे. एकाच राज्याच्या विधिमंडळाने केलेले हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिला शासनाला एका शब्दातून सोडवितो. दुसरा शासनाला एका मुदतीत बांधून घेतो.

मध्यंतरी बिहारमध्ये जे घडले ते याच्या अगदी उलट होते. १९६६ साली तेथे पावसाने दगा दिला. निवडणुका जवळ येत होत्या, आणि तत्कालीन शासन 'अकाल' हा शब्द जाहीरपणे स्वीकारण्यास कचरत होते. अवर्षण, टंचाई, कठीण परिस्थिती असे शब्द मात्र विपुल होते. १९६७ च्या फेब्रुवारीतील निवडणुकांत सत्तांतर झाले. महामायाप्रसाद सिन्हा यांचे संयुक्त सरकार आले आणि त्याने २० एप्रिल १९६७ रोजी राज्याच्या काही भागांत विधिवत दुष्काळ जाहीर केला. स्वतंत्र भारतातील हे अगदी विरळ उदाहरण होय. नव्या सरकारला तो शब्द उच्चारणे सोपे गेले, कारण दोष जुन्या सरकारच्या पदरी पडणार होता. म्हणजे स्पष्टोक्तीतही सोय पाहिलेली होती. पण सोयीने बोललेले स्पष्ट वाक्यसुद्धा बांधून घालते. घोषणेबरोबर शासनाच्या जबाबदाऱ्या उभ्या राहिल्या, आणि जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या मदतकार्याला दात्यांपुढे जाताना आता शब्द चाचपावे लागत नव्हते.

याच सुमाराचे आणखी एक उदाहरण लालबहादुर शास्त्री यांचे आहे. १९६५ साली त्यांनी देशाला आवाहन केले की, धान्य अपुरे आहे, तेव्हा आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडावे. सोमवारी संध्याकाळी अनेक घरांत चूल पेटत नसे आणि काही उपाहारगृहे बंद राहत. 'जय जवान, जय किसान' ही त्याच वर्षीची घोषणा त्याच नेत्याची. घोषणा देणाऱ्याने लोकांकडे नेमके काय मागावयाचे तेही सांगितले होते: एक वार, एक वेळ, एक जेवण. घोषणेला असा हिशेब जोडलेला असला म्हणजे तिचा उंच स्वर कोणाला खटकत नाही.

त्यानंतरच्या काळात उंच स्वर वाढले आणि हिशेब आखडता झाला, असे म्हणणे भाग आहे. शेतकऱ्याला 'अन्नदाता' म्हणण्याची आणि महाराष्ट्रात 'बळीराजा' म्हणून संबोधण्याची प्रथा व्यासपीठांवर रूढ झाली. बळी हा लोकांच्या लाडका राजा खरा; परंतु तीन पावले जमीन मागणाऱ्याने त्याला कोठे पाठविले, हे त्या नावाचा उठताबसता उच्चार करणाऱ्यांना आठवत नसावे, किंवा फारच चांगले आठवत असावे. मदत 'युद्धपातळीवर' पोहोचू लागली, शासन 'कटिबद्ध' झाले. या सर्व शब्दांत एक साम्य आहे. त्यांच्यापैकी कोणताही शब्द पुढच्या महिन्यात खोटा पाडून दाखविता येत नाही.

खरा निर्णय मात्र एका क्षुल्लक दिसणाऱ्या आकड्यावर होत असे. त्याला पूर्वी आणेवारी म्हणत. दशमान नाणी आल्यावर पैसेवारी म्हणू लागले. चांगल्या वर्षाचे पीक रुपया धरून यंदाचे किती पैसे, असा तो अंदाज. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. आणि गावाचा आकडा ५० पैशांच्या खाली गेला तर सवलतींचा मार्ग मोकळा. तलाठ्याच्या कागदावर ४९ लिहिले गेले की ५१, यावर एका गावाचे वर्ष अवलंबून राही. मुंबई-दिल्लीच्या भाषणांत ज्याचा उल्लेख होत नाही त्या या आकड्यासाठी गावातील माणसे मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर दिवसच्या दिवस बसत.

आणि जेथे मृत्यू घडतात तेथे शब्दांची काळजी आणखी वाढते. 'भूकबळी' हा शब्द शासनाला सर्वांत जड जातो. २००१ साली ओडिशातील रायगडा जिल्ह्यात काशीपूर भागात काही आदिवासी दगावले. घरात धान्य नसल्याने त्यांनी आंब्याच्या कोयीची पेज खाल्ली होती. मृत्यू बुरशी लागलेल्या कोयीमुळे झाले, उपासमारीमुळे नव्हेत, अशी अधिकृत बाजू मांडण्यात आली. कोय विषारी झाली होती, हे वैद्यकीयदृष्ट्या खरे असेल. ती खाण्याची पाळी का आली हा प्रश्न मात्र वैद्यकशास्त्राचा नव्हता. मेळघाटातही बालके 'कुपोषणा'ने जातात; भूक हा दोन अक्षरांचा शब्द अहवालांत सहसा आढळत नाही. कटकच्या दरबारात जे काम ईश्वराने केले होते, ते आता विज्ञानाकडे सोपविले गेले आहे, एवढाच फरक.

२०१६ हे वर्ष या दृष्टीने लक्षात राहण्यासारखे ठरले. भारतीय हवामान विभागाने त्या वर्षी देशव्यापी अवर्षणाच्या वर्षासाठी वापरला जाणारा जुना शब्द सोडून 'तुटीचे वर्ष' अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. पाऊस मोजणाऱ्या खात्याने पावसापुरते बोलावे, हे त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. पण एक शब्द आणखी कमी झाला. त्याच वर्षी मे महिन्यात, 'स्वराज अभियान'च्या याचिकेवर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने बिहार, गुजरात आणि हरयाणा या राज्यांच्या दुष्काळ मान्य करण्याविषयीच्या अनिच्छेवर टीका केली आणि शहामृगी वृत्ती खेदजनक असल्याचे म्हटले.

महाराष्ट्रात त्या वेळी एक प्रत्यय गाजत होता. हजारो गावांत शासनाने 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर केली होती. 'सदृश' हा संस्कृतातील सुंदर शब्द. मुख चंद्रासारखे असते, चंद्र नसते. परंतु दुष्काळ हाताळण्याची रीत सांगणारी केंद्राची जी पुस्तिका २००९ पासून अस्तित्वात होती तिचा विषय 'दुष्काळ' हा होता. उपमेची तेथे सोय नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर २०१६ च्या मे महिन्यात शासनाने जाहीर केले की, जेथे 'दुष्काळसदृश' असे म्हटले आहे तेथे 'दुष्काळ' असे वाचावे. २९ हजारांहून अधिक गावांचे नाव अशा रीतीने एका शुद्धिपत्रकाने बदलले. मुद्रणदोष दुरुस्त करण्यासाठी ग्रंथाच्या शेवटी जोडतात, त्याच प्रकारचा हा कागद.

अशा शासकीय आदेशांच्या शेवटी सवलतींची एक यादी असते. जमीन महसुलात सूट. सहकारी कर्जांचे पुनर्गठन. शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. विद्यार्थ्यांच्या परीक्षाशुल्काची माफी. रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता. आवश्यक तेथे पिण्याच्या पाण्याचे टँकर. पंपाची वीजजोडणी न तोडणे. मराठी गद्याचा नमुना म्हणून ही यादी कोणी पाठ्यपुस्तकात घालणार नाही. व्यासपीठावरून ती वाचून दाखविली तर श्रोते जांभया देतील. ती चावडीच्या भिंतीवर लावता येते, आणि आठांपैकी कोणती गोष्ट आपल्या गावात पोहोचली नाही, हे तेथे उभा असलेला कोणीही माणूस बोट ठेवून तलाठ्याला विचारू शकतो.